हिरव्या पडलेल्या जलाशयाचे पाणी उकळून प्यायले तर चालते का?

तळ्याकाठी

सर्वांना नमस्कार. आमच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य स्रोत असलेल्या जलाशयावर गेले काही दिवस हिरवा तवंग दिसत आहे. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे तो इतका दाट साचतो की खालचे पाणी दिसेनासे होते, आणि तिथे कुजकट वास येतो. नळाला येणारे पाणी मात्र दिसायला नितळ आहे. त्याला थोडासा मातकट वास आहे, एवढेच. घरात एक तान्हे बाळ आहे आणि त्याचे दूध पावडरीपासून, याच पाण्यात तयार केले जाते. पाणी वीस मिनिटे खळखळ उकळावे म्हणजे कसलीही भीती उरत नाही, असे शेजारी सांगतात. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका शहरात अशाच प्रसंगी नागरिकांना पाणी उकळू नका असे उलट बजावण्यात आले होते, हे वाचल्याचे आठवते. या दोन्हींपैकी खरे काय, आणि त्यामागचे कारण काय, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.

शुद्धोदक

आपल्याला आठवते ते शहर म्हणजे ओहायो राज्यातील टोलिडो. ईरी सरोवरातून पाणी घेणाऱ्या या शहराच्या शुद्ध केलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे अशा हिरव्या तवंगातून येणारे विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले, तेव्हा २ ऑगस्ट २०१४ रोजी पहाटे चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका आणि ते उकळूही नका, अशी सूचना देण्यात आली. ही बंदी ४ ऑगस्टला उठली. ती सूचना योग्यच होती आणि आपल्या शेजाऱ्यांचा सल्ला या विशिष्ट बाबतीत चुकीचा आहे.

उकळण्याने जंतू मरतात, कारण ते सजीव असतात. मायक्रोसिस्टिन हे सात अमिनो आम्लांच्या कड्याचे रसायन आहे आणि पाणी उकळण्याच्या तापमानाला ते टिकून राहते. खारट पाणी आटवले की मीठ मागे राहते, त्याप्रमाणे वाफ निघून जाते आणि विष उरलेल्या कमी पाण्यात राहते. म्हणजे वीस मिनिटे उकळलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण आधीपेक्षा वाढलेलेच असते. त्यात आणखी एक भर अशी, की पाण्यात तवंगातील जीवांच्या अखंड पेशी असतील तर त्या उष्णतेने फुटतात आणि आतले विष पाण्यात उतरते.

पेशींचा हा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण जलशुद्धीकरणाचे यशापयश त्यावरच ठरते. ज्यांना आपण नीलहरित शैवाल म्हणतो ते वस्तुतः सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू आहेत. मायक्रोसिस्टिस, डोलिकोस्पर्मम, प्लँक्टोथ्रिक्स ही त्यांतली नेहमी आढळणारी नावे. निरोगी पेशीत मायक्रोसिस्टिनचा बहुतांश भाग आतच साठलेला असतो. पेशी शाबूत असेपर्यंत ते विष एका कणात बंद असते, आणि कण काढून टाकणे हे तर कोणत्याही जलशुद्धीकरण केंद्राचे रोजचे काम आहे: तुरटी किंवा तत्सम रसायन घालून गुठळ्या करायच्या, त्या निवळू द्यायच्या आणि पाणी वाळूच्या थरातून गाळायचे. पेशी फुटली की विष विरघळते. विरघळलेले विष तुरटीला दाद देत नाही आणि वाळूतूनही सरळ पार जाते. मग त्याच्यासाठी सक्रिय कार्बन, ओझोन किंवा पुरेसा क्लोरीन अशा वेगळ्या आणि खर्चिक उपायांची गरज पडते.

घरापुरते सांगायचे तर यूव्ही दिव्याचे यंत्र येथे निरुपयोगी आहे, कारण जंतू मारण्यापुरता त्याचा मारा हे रेणू तोडायला अपुरा पडतो. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरने पेशी अडतील, विरघळलेले विष अडणार नाही. सुस्थितीतील आरओ यंत्र मायक्रोसिस्टिनसारखे मोठे रेणू बऱ्याच अंशी रोखते. कार्बनच्या फिल्टरपैकी जे मायक्रोसिस्टिनसाठी स्वतंत्रपणे प्रमाणित आहेत, तेवढ्यांवरच विसंबावे, आणि तेही कार्बन वेळच्या वेळी बदलला असेल तरच. बाळाच्या दुधासाठी मात्र चाचणीचा निकाल हाती येईपर्यंत खात्रीच्या दुसऱ्या स्रोताचे पाणी वापरा. यात थांबण्यासारखे काही नाही.

रानवारा

वरील माहिती उपयुक्त आहे. परंतु मूळ दुखण्यावर जुना, स्वस्त आणि परिणामकारक उपाय उपलब्ध असताना इतकी काळजी कशासाठी, हे मला समजत नाही. तलावात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकला की शैवाल एक-दोन दिवसांत मरते आणि पाणी निवळते. पाणीपुरवठ्याच्या जलाशयांत हा उपाय शंभर वर्षांहून अधिक काळ वापरला जात आहे. शिवाय प्रत्येक हिरवे पाणी विषारी असते असेही नाही. तळी दर उन्हाळ्यात हिरवी होतात आणि गुरे तेच पाणी पितात.

शुद्धोदक

रानवारा, आपण सुचवलेला उपाय नेमका पेशी फोडण्याचा आहे, आणि शैवालाचा बहर, म्हणजे त्याची झपाट्याने झालेली दाट वाढ, ऐन भरात असताना तो केला तर काय होते याचा एक धडधडीत दाखला इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ साली सॉलोमन धरणाच्या पाण्याला वास येतो अशा तक्रारी आल्यावर त्यात मोरचूद टाकण्यात आला. त्यानंतर काही दिवसांतच बेटावरील १४८ जण आजारी पडले, आणि त्यांतील १३८ मुले होती. यकृताला सूज, उलट्या, पुढे रक्तमिश्रित जुलाब अशी लक्षणे होती, आणि अनेकांना शिरेतून सलाइन द्यावे लागले. त्या वेळी हा एक गूढ आजार मानला गेला. पुढे त्या धरणातील एका सायनोबॅक्टेरियापासून जे विष वेगळे करण्यात आले, तेच आज सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन या नावाने ओळखले जाते. तलाव हिरवा होता तोवर विषाचा मोठा भाग पेशींत होता. मोरचुदाने तो एका फटक्यात पाण्यात सोडला.

मोरचूद कधीच वापरू नये असे माझे म्हणणे नाही. बहर नुकताच अंकुरत असताना, पेशींची संख्या कमी असताना आणि त्यानंतर काही काळ त्या जलाशयातून पाणी न उचलण्याची सोय असताना तो वापरणारे अभियंते आहेत. तांबे गाळात साठत जाते आणि जलचरांना बाधते, हा त्याचा दुसरा तोटा.

हेच तत्त्व केंद्राच्या आतही लागू पडते, आणि तिथली चूक बाहेरून कोणाला दिसत नाही. कच्चे पाणी केंद्रात शिरताच त्याला क्लोरीन देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. बहराच्या काळात तसे केले तर पेशी गाळणीपर्यंत पोहोचण्याआधीच फुटतात, आणि शिवाय पेशींतील सेंद्रिय द्रव्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन वर्गातील अनिष्ट संयुगे वाढतात. म्हणून आधी अखंड पेशी गाळून काढायच्या आणि क्लोरीन नंतर द्यायचा, हा क्रम पाळावा लागतो. शेवटी दिलेला क्लोरीन मायक्रोसिस्टिन नष्ट करू शकतो, पण पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या खाली हवा आणि क्लोरीनला पाण्यात पुरेसा वेळ मिळायला हवा. सामू वाढला की त्याचा जोर झपाट्याने कमी होतो. येथे अडचण अशी, की दाट बहर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून सामू स्वतःच वर नेतो. ॲनाटॉक्सिन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष तर क्लोरीनला फारसे बधतच नाही. त्याला ओझोन किंवा पोटॅशियम परमँगनेट लागते, आणि परमँगनेटची मात्रा जास्त झाली तर पुन्हा पेशी फुटण्याचा धोका उभा राहतो.

निवळण टाकीच्या तळाशी बसलेल्या गाळाकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. त्या गाळात लाखो पेशी असतात आणि काही दिवसांत त्या कुजून विष सोडू लागतात. गाळण्या उलट्या धुतल्यावर निघणारे बॅकवॉशचे पाणी पाण्याची बचत म्हणून केंद्राच्या सुरुवातीला परत सोडले जात असेल, तर एकदा बाहेर काढलेले विष आपण स्वतःच पुन्हा आत घेतो. बहर असेपर्यंत गाळ वारंवार काढणे आणि बॅकवॉशचे पाणी परत न घेणे, या दोन गोष्टी केंद्रप्रमुख मोठी गुंतवणूक न करता लगेच करू शकतो.

अर्धविराम

मी वैद्यकीय क्षेत्रात काम करते, म्हणून विषाच्या मात्रेबद्दल लिहिते.

मायक्रोसिस्टिन पित्ताम्लांची वाहतूक करणाऱ्या प्रथिनांच्या वाटेने यकृताच्या पेशींत शिरते आणि तेथील प्रोटीन फॉस्फेटेज ही विकरे (एन्झाइम) बंद पाडते. त्यामुळे पेशीचा आतला सांगाडा कोसळतो. विशिष्ट असा उतारा उपलब्ध नाही; उपचार लक्षणांनुसार करावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या एका प्रकारासाठी पिण्याच्या पाण्यात आयुष्यभराच्या सेवनाच्या दृष्टीने लिटरमागे १ मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले आहे. हा आकडा कसा आला ते पाहिले की त्याचा अर्थ कळतो: शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.०४ मायक्रोग्रॅम इतके सेवन सहन होण्याजोगे मानले, माणसाचे वजन ६० किलो धरले, त्यातला ८० टक्के वाटा पाण्याचा मानला आणि दिवसाला दोन लिटर पाणी गृहीत धरले, की ०.९६ येते. म्हणजे एखाद्या दिवशी दीड मायक्रोग्रॅम आढळले तर प्रौढ माणूस त्याच रात्री आजारी पडेल असे अजिबात नाही. थोड्या काळापुरते म्हणून याच संघटनेने १२ मायक्रोग्रॅम हे वेगळे मूल्य २०२० साली दिले. मात्र त्यासोबत बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांसाठी ३ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास दुसरे पाणी पुरवावे, अशी शिफारस आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये दहा दिवसांच्या सेवनासाठी जी मूल्ये सुचवली ती आणखी कडक आहेत: सहा वर्षांखालील मुलांसाठी ०.३ आणि त्यावरील सर्वांसाठी १.६ मायक्रोग्रॅम. बाळ आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक पाणी पिते, हे या फरकाचे मुख्य कारण आहे. त्यामुळे मूळ प्रश्नात बाळाचा जो उल्लेख आहे, तो मला तवंगाच्या वर्णनापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटला.

ज्यांच्याविषयी या चर्चेत अजून कोणी बोललेले नाही, असे आणखी एक रुग्ण असतात: डायलिसिसवर असणारे. एका सत्रात त्यांच्या रक्ताचा पडद्याआडून शंभर लिटरहून अधिक पाण्याशी संबंध येतो, आणि आतडे व यकृत यांचा नेहमीचा अडसर मध्ये नसतो. ब्राझीलमधील कारुआरू शहरात १९९६ च्या फेब्रुवारीत एका डायलिसिस केंद्राला टँकरने आणलेले, पुरते शुद्ध न केलेले पाणी पुरवण्यात आले. शंभराहून अधिक रुग्णांना मळमळ, उलट्या आणि दृष्टीचे त्रास झाले, अनेकांची यकृते निकामी झाली आणि पन्नासहून अधिक जणांचा मृत्यू याच कारणाने झाल्याचे पुढे ठरले. त्यांच्या यकृतात मायक्रोसिस्टिन सापडले. म्हणून जलाशय हिरवा झाल्याचे पाणीपुरवठा विभागाला ज्या दिवशी कळते, त्याच दिवशी ते परिसरातील डायलिसिस केंद्रांनाही कळले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रानवारा यांच्या गुरांच्या उल्लेखाबद्दल एवढेच, की सायनोबॅक्टेरियाच्या विषबाधेची शास्त्रीय नियतकालिकातील पहिली नोंद गुरांच्याच मृत्यूची आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराचे पाणी पिऊन मेंढ्या, घोडे आणि कुत्री मेल्याचे जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली 'नेचर'मध्ये लिहिले होते.

काटेकोर

प्रत्येक हिरवे पाणी विषारी नसते, हे रानवारा यांचे विधान बरोबर आहे, फक्त त्याचा उपयोग मर्यादित आहे. मायक्रोसिस्टिसच्या एकाच तवंगात विष बनवणारे आणि न बनवणारे असे दोन्ही वाण शेजारी शेजारी असतात. सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा ते सारखेच दिसतात. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पाम बेटावरचा सायनोबॅक्टेरिया पाण्यावर तवंग धरत नाही, तो पाण्यात सर्वत्र विखुरलेला राहतो. आणि प्लँक्टोथ्रिक्स रुबेसन्स ही तांबूस जात खोल सरोवरांत पृष्ठभागाखाली कित्येक मीटरवर, थंड आणि कोमट पाण्याच्या सीमेवर थर करून असते. वर स्वच्छ पाणी पाहून केंद्राकडे पाणी उचलणाऱ्या नळाचे तोंड तिथे खाली नेले, तर नेमके त्या थरातले पाणी उचलले जाईल.

वासाचेही असेच आहे. मातकट वास जिओस्मिन आणि मिथिलआयसोबोर्निऑल या संयुगांचा असतो, जी लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम एवढ्या प्रमाणातही नाकाला जाणवतात आणि स्वतः विषारी नाहीत. मायक्रोसिस्टिनला वास नसतो. चीनमध्ये ताइहू सरोवरातील बहरामुळे २००७ च्या मे महिन्याच्या अखेरीस वूशी शहरातील सुमारे वीस लाख लोकांचे नळाचे पाणी वापरण्याजोगे राहिले नाही. तिथे लोकांना असह्य झालेली दुर्गंधी मुख्यतः कुजणाऱ्या शैवालातून निघालेल्या गंधकयुक्त संयुगांची होती. वास आला की विष आहे आणि वास गेला की विष गेले, अशी जोडी लावता येत नाही.

मूळ कारणाबद्दल थोडे लिहितो, कारण जलाशयात काही टाकून प्रश्न सुटेल ही आशा वारंवार डोके वर काढते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या प्रायोगिक सरोवरांपैकी २२६ क्रमांकाच्या सरोवरात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली मधोमध पडदा टाकला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरस मिळालेला भाग हिरवागार झाला, दुसरा निळसरच राहिला. विमानातून घेतलेल्या त्या छायाचित्राने डिटर्जंटमधील फॉस्फेटवर निर्बंध आणण्याच्या बाजूने जे काम केले, ते कित्येक अहवालांना जमले नसते. सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात १९६० च्या दशकात सांडपाणी सोडणे बंद केले, आणि त्यानंतरच्या दशकात पाणी लक्षणीय स्वच्छ झाले. सांडपाण्याला नळी असते, ती वळवता येते. ईरी सरोवराचे दुखणे त्याहून चिवट आहे, कारण तिथला फॉस्फरस बराचसा मॉमी नदीच्या खोऱ्यातील शेतांवरून पावसाच्या पाण्यासोबत येतो. अमेरिका आणि कॅनडा यांनी सरोवराच्या पश्चिम भागासाठी वसंत ऋतूतील फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट ठरवले आहे. पण नायट्रोजनकडेही पाहावे की फक्त फॉस्फरसकडे, यावरचा अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. बाहेरून येणारा फॉस्फरस थांबवला तरी तळाच्या गाळात साठलेला वर्षानुवर्षे पुन्हा पाण्यात येत राहतो. त्यामुळे पुढच्या काही हंगामांपुरता भरवसा जलशुद्धीकरण केंद्रावरच ठेवावा लागेल.

तळ्याकाठी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाळासाठी दुसऱ्या पाण्याची व्यवस्था त्याच दिवशी केली. काल रात्री जोरदार वारा आणि पाऊस झाला, आणि आज सकाळी तवंग जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. आता नेहमीच्या पाण्यावर परत यायला हरकत नाही ना? आणि पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहायचे असल्यास नेमके काय विचारावे?

शुद्धोदक

हरकत आहे. तवंग नाहीसा होण्याची दोन कारणे असू शकतात. एक म्हणजे वाऱ्याने तो पाण्यात ढवळला गेला. या जीवांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडला की तो एक-दोन दिवसांत पुन्हा वर येऊ शकतो. दुसरे म्हणजे बहर खरोखर कोसळला, आणि केंद्राच्या दृष्टीने ही स्थिती भरातल्या बहरापेक्षा अवघड असते, कारण मरणाऱ्या पेशींतले विष त्या दिवसांत विरघळलेल्या रूपात येते. विरघळलेले मायक्रोसिस्टिन पाण्यातील जीवाणू हळूहळू संपवतात, पण त्याला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो.

पत्रात कच्च्या पाण्याचा आणि शुद्ध केलेल्या पाण्याचा निकाल वेगवेगळा मागा. कच्च्या पाण्यात एकूण विष किती आणि त्यापैकी विरघळलेले किती, हा आकडा असेल तर केंद्रापुढचे आव्हान कोणत्या प्रकारचे आहे ते लगेच कळते. चाचणी कोणत्या विषांची केली, हेही विचारा. एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित चाचणी संचाने फक्त मायक्रोसिस्टिन तपासले असेल, तर सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही. सक्रिय कार्बनची भुकटी सध्या दिली जाते का, क्लोरीन गाळणीच्या आधी दिला जातो की नंतर, आणि बॅकवॉशचे पाणी कुठे जाते, हे तीन प्रश्न विचारले की उत्तर देणाऱ्याची तयारी आपोआप दिसून येईल. शुद्ध पाण्याचे नमुने एकदाच घेऊन भागत नाही. काही दिवसांच्या अंतराने घेतलेले लागोपाठचे किमान दोन नमुने मर्यादेच्या आत आले, की मोठ्या माणसांनी निर्धास्तपणे ते पाणी प्यावे. बाळाच्या बाबतीत मात्र अर्धविराम यांनी दिलेला ०.३ चा आकडा समोर ठेवून निकाल वाचा, आणि प्रयोगशाळेची पद्धत इतके कमी प्रमाण मोजू शकते का, हे आधी विचारून घ्या. अहवालात नुसते 'आढळले नाही' असे लिहिले असेल आणि मोजण्याची खालची मर्यादाच १ मायक्रोग्रॅम असेल, तर बाळापुरता त्या अहवालाचा उपयोग नाही.